गावाचे जाळे, गावाची जबाबदारी : विकेंद्रित समाजमाध्यमांची ओळख

गावात एखादी वार्ता सर्वांना कळवावयाची असली म्हणजे पूर्वी दवंडी पिटली जात असे. हलगीचा आवाज ऐकून माणसे दारात येत. दवंडी देणारा कोण, हे लहानथोरांना ठाऊक असे. ती कोणाच्या हुकुमावरून दिली जात आहे, हेही तो आरंभीच सांगत असे. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात मराठी माणसे जिला दवंडी म्हणत, तिलाच कन्नड माणसे डंगुर म्हणत. भाषा दोन, रीत एकच. वार्ता चुकीची निघाली तर जाब विचारण्यास चावडी होती आणि जाब देण्यास माणूस होता.

आज दवंडीची जागा मोबाइलने घेतली आहे. बाजारभाव, पावसाचा अंदाज, शाळेची सूचना, लग्नाची पत्रिका, दुःखद निधनाची वार्ता, हे सारे क्षणार्धात घराघरांत पोहोचते. या सोयीचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु दवंडीच्या रीतीत असलेली एक गोष्ट या नव्या साधनात हरवली आहे. संदेश कोठून निघाला, कोणी पाठविला आणि त्याबद्दल उत्तर कोणी द्यावयाचे, हे बहुधा कोणासच ठाऊक नसते.

याची जबर किंमत या भागाने मोजलेली आहे. १३ जुलै २०१८ रोजी बीदर जिल्ह्यातील औराद भागात हैदराबादहून आलेल्या काही तरुणांनी वाटेत शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र फिरत होत्या. संशय बळावला आणि त्या तरुणांची चित्रफीत व्हॉट्सॲपवरून पुढच्या गावांत पोहोचली. मुरकी या गावी जमावाने त्यांना गाठले. एका तरुण अभियंत्याचा मारहाणीत मृत्यू झाला आणि त्याचे सोबती जखमी झाले. पुढे मोठ्या संख्येने अटका झाल्या. त्यांत व्हॉट्सॲपवरील एका गटाचा चालकही होता. त्याआधी अवघ्या बारा दिवसांपूर्वी, १ जुलै २०१८ रोजी, महाराष्ट्राच्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांचा अशाच अफवेने बळी घेतला होता.

१७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची नेमणूक करण्याचे आदेश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घालण्याचे ठरविले. हे उपाय आवश्यकच होते. तथापि, एक प्रश्न शिल्लक राहिला. ही बातमी खरी आहे काय, असे गावकऱ्याने त्या क्षणी कोणास विचारावे? ज्या जाळ्यावरून ती आली, त्याचे कार्यालय सातासमुद्रापार होते. गावात त्याचे दार नव्हते.

समाजमाध्यमाचे दार गावात असू शकते, तालुक्यात असू शकते, शाळेत असू शकते. अशा जाळ्यांना विकेंद्रित समाजमाध्यमे म्हणतात. ती काय आहेत, कशी चालतात, कोठे उपयोगी पडतात आणि कोठे अपुरी ठरतात, याची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांना असावी, हा या लेखाचा हेतू आहे.

निजामाच्या तिकिटाचा धडा

हा विषय समजण्यास या भागातीलच एक जुने उदाहरण उपयोगी पडेल. १९४८ पर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्या अमलाखाली होते. हैदराबाद संस्थानाचे टपाल खाते स्वतंत्र होते आणि १८६९ पासून संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटे होती. ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. बीदरहून गुलबर्ग्याला पत्र धाडावयाचे तर निजामाचे तिकीट पुरे. परंतु तेच पत्र सोलापूरला धाडावयाचे तर ते तिकीट निरुपयोगी. नातेवाईक सोलापुरात असोत की पुण्यात, एका टपालाचे तिकीट दुसरे टपाल ओळखीत नसे. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानाचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले, तेव्हा ही अडचण दूर झाली.

जगात मात्र याहून निराळा मार्ग पूर्वीच सापडला होता. १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी अनेक देशांनी एकत्र येऊन टपालाचा करार केला आणि त्यातून जागतिक टपाल संघ उभा राहिला. प्रत्येक देशाने आपले टपाल खाते, आपली तिकिटे आणि आपले पोस्टमन कायम ठेवले. परंतु एकाचे पत्र दुसऱ्याने पोहोचवावयाचे, हे सर्वांनी मान्य केले. व्यवस्था अनेक आणि नियम एक, हे त्या कराराचे सूत्र होते.

आजची बहुतेक मोठी समाजमाध्यमे निजामाच्या तिकिटासारखी आहेत. एका कंपनीच्या माध्यमातून दुसऱ्या कंपनीच्या माध्यमात थेट पत्र जात नाही. विकेंद्रित माध्यमे बर्नच्या कराराच्या वाटेने जातात.

विकेंद्रित जाळे म्हणजे काय ?

मोबाइलवर दिसणारा प्रत्येक संदेश कोठे तरी साठविलेला असतो. ज्या संगणकावर तो साठविला जातो, जो रात्रंदिवस चालू असतो आणि इंटरनेटला जोडलेला असतो, त्यास सर्व्हर म्हणतात. मोठ्या कंपन्यांचे असे सहस्रावधी संगणक प्रचंड इमारतींत असतात आणि त्यांचे सर्व नियम कंपनीच ठरविते.

विकेंद्रित जाळ्यात असा एकच मालक नसतो. एखादी शाळा, ग्रंथालय, सहकारी संस्था किंवा काही मित्र मिळून स्वतःचा एक लहान सर्व्हर चालवितात. त्यास आपण येथे केंद्र म्हणू. त्या केंद्राचे सभासद तेथे आपले नाव नोंदवितात, लिहितात, छायाचित्रे ठेवतात. केंद्राचे नियम केंद्राचे लोक ठरवितात. शेजारच्या तालुक्यात दुसरे केंद्र असते, पुण्यात तिसरे, जर्मनीत चौथे. या सर्व केंद्रांनी एक समान नियमावली स्वीकारलेली असल्याने भालकीच्या केंद्रातील शिक्षकाचे लिखाण उदगीरच्या केंद्रातील वाचकास आपल्या जागेवरून वाचता येते व त्यास उत्तरही देता येते. त्यासाठी दोघांनी एकाच कंपनीचे ग्राहक असण्याची गरज नसते.

सभासदाचा पत्ताही गावाकडील पत्त्यासारखाच असतो : आधी व्यक्तीचे नाव, मग केंद्राचे नाव. ईमेल वापरणाऱ्यांना ही पद्धत परिचित आहे. एकाचे ईमेल खाते एका कंपनीकडे आणि दुसऱ्याचे दुसरीकडे असले तरी पत्रव्यवहार अडत नाही. तेच तत्त्व येथे समाजमाध्यमाला लावलेले आहे.

या दिशेने झालेल्या प्रयत्नांचा इतिहास फार जुना नाही. २०१० साली न्यूयॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरा नावाच्या माध्यमाचा आरंभ केला. २०१६ साली ऑयगेन रोचको या जर्मनीतील तरुणाने मॅस्टोडॉन ही प्रणाली प्रसिद्ध केली. जानेवारी २०१८ मध्ये जागतिक वेबचे मानदंड ठरविणाऱ्या संस्थेने ॲक्टिव्हिटीपब या नावाची समान नियमावली मान्य केली. केंद्राकेंद्रांमधील देवाणघेवाण या नियमावलीनुसार चालते. मॅस्टोडॉन ही मुक्त प्रणाली आहे. तिचा मूळ आराखडा सर्वांस पाहण्यास खुला असून ती वापरण्यास मूल्य पडत नाही. भारतात नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवरील एका ज्येष्ठ वकिलाचे खाते बंद झाल्याच्या निषेधार्थ अनेकांनी मॅस्टोडॉनची वाट धरली, तेव्हा हे नाव येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर ऐकू आले. २०२४ मध्ये मेटा या मोठ्या कंपनीनेही आपल्या थ्रेड्स या माध्यमात या नियमावलीचा अंशतः स्वीकार केला.

दुकान बंद झाले, माल कोठे गेला ?

स्वतःचे केंद्र कशासाठी, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. फुकट आणि सोपी माध्यमे हाताशी असताना हा खटाटोप कोणी करावा ? याचे एक उत्तर गेल्या काही वर्षांच्या अनुभवात आहे. ऑर्कुट हे एके काळी भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले माध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झाले. बंगळूर येथे २०२० मध्ये सुरू झालेले कू हे माध्यम तर भारतीय भाषांसाठीच होते. त्याचा आरंभ कन्नडमधून झाला होता. जुलै २०२४ मध्ये तेही बंद करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. या प्रत्येक वेळी लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेला मजकूर, केलेले स्नेहसंबंध आणि चर्चा यांचे भवितव्य लिहिणाऱ्यांच्या हाती नव्हते.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची छायाचित्रे, वृद्धांनी सांगितलेल्या रझाकारांच्या काळातील आठवणी, जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे अशी गावाची ठेव आज मोबाइलमधील गटांत विखुरलेली आहे. मोबाइल बिघडला की ती जाते, गट मोडला की ती विसरली जाते. दहा वर्षांनी ती शोधू म्हटले तर कोठे शोधावी, हे कोणी सांगू शकत नाही. ती आपल्या कपाटात ठेवावयाची असेल, तर आधी कपाट आपले असले पाहिजे.

शेजारचा अनुभव

लहान माणसांनी स्वतःचे प्रसारमाध्यम चालविण्याचा प्रयोग या भागाला अपरिचित नाही. बीदरपासून जवळच, जहीराबादनजीक माचनूर या गावी १५ ऑक्टोबर २००८ रोजी संगम रेडिओ सुरू झाला. स्वयंसेवी संस्थेला परवाना मिळून चालू झालेले हे देशातील पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र होय. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या महिला संघांनी ते उभे केले. ते चालविणाऱ्या स्त्रिया दलित, अल्पभूधारक शेतकरी कुटुंबांतील होत्या. ध्वनिमुद्रण, संकलन आणि प्रसारण ही कामे त्या स्वतः शिकल्या. ज्वारी-बाजरीसारखी भरड धान्ये, बियाणे जपण्याची रीत, सणवार, गाणी हे त्यांच्या कार्यक्रमांचे विषय होते. आणि भाषा तेथली, रोजच्या बोलण्यातली होती.

या केंद्राला दहा वर्षे परवान्याची वाट पाहावी लागली. इमारत आणि यंत्रे यांची जुळणी युनेस्कोच्या साहाय्याने १९९८ च्या सुमारासच झाली होती. परंतु सामुदायिक रेडिओचे दार स्वयंसेवी संस्थांना २००६ च्या धोरणानेच उघडले. मधल्या काळात महिला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत आणि त्यांच्या फिती गावोगावच्या संघांच्या बैठकांत ऐकवीत. कर्नाटकातच कोलार जिल्ह्यातील बुदीकोटे येथे नम्म ध्वनी या केंद्राने याच अडचणीवर दुसरा उपाय शोधला. हवेतून प्रसारण करता येत नव्हते, म्हणून त्यांनी घरोघरी गेलेल्या दूरचित्रवाणीच्या केबलमधून आपला आवाज पोहोचविला.

इंटरनेटच्या बाबतीतही असे प्रयत्न झाले आहेत. महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आय.आय.टी.ने ग्राम मार्ग हा प्रकल्प राबविला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या परंतु रिकाम्या असलेल्या लहरींचा उपयोग करून दूरच्या पाड्यांपर्यंत इंटरनेट नेण्याची चाचणी तेथे झाली आणि ग्रामपंचायतीला त्या व्यवस्थेत भागीदार करण्याचा विचार मांडला गेला. २०१७ साली या प्रकल्पाला मोझिला संस्थेचे सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. तुमकूर जिल्ह्यातील देवरायनदुर्ग परिसरात जनास्तु या संस्थेने गावकऱ्यांच्या मालकीच्या बिनतारी जाळ्याचे प्रयोग केले आहेत. अशा जाळ्यात बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी गावातल्या गावात ध्वनिमुद्रणे ऐकता येतात आणि माहितीची देवाणघेवाण करता येते.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. यंत्र कोणतेही असो, ते चालविणारी माणसे ऐकणाऱ्यांच्या ओळखीची होती. संगम रेडिओवर चुकीची माहिती गेली असती, तर दुसऱ्या दिवशी बाजारात तिच्याबद्दल विचारणा झाली असती.

सीमाभागाला विशेष उपयोग

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले; ते आज महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यात आहेत. जहीराबाद व नारायणखेड यांचा बहुतांश भाग आंध्र प्रदेशात गेला. तो आज तेलंगणात आहे. उरलेला बीदर कर्नाटकात आला. जिल्हा विभागला गेला, तरी सोयरिकी, बाजार, यात्रा आणि शेतीचे व्यवहार पूर्वीसारखेच चालू राहिले. औरादच्या शेतकऱ्याची लेक उदगीरला दिलेली असते; आळंदच्या व्यापाऱ्याचा माल सोलापूरला जातो.

अशा प्रदेशाला एकच केंद्र पुरत नाही आणि एकच भाषाही पुरत नाही. एका गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या भाषा कानावर पडतात. विकेंद्रित जाळ्यात प्रत्येक केंद्राला आपली भाषा आणि आपली रीत राखता येते, आणि तरीही शेजारच्या केंद्राशी बोलता येते. मराठी शाळांतील शिक्षकांचे एक केंद्र असावे, त्यात स्वाध्याय आणि शब्दसंग्रह ठेवावेत. शेजारी कन्नड शिक्षकांचे केंद्र असावे. आणि दोघांनी एकमेकांचे वाचावे. तुरीवर अळी पडली असता कृषी खात्याने दिलेली सूचना एका केंद्रावर आली की ती राज्याची सीमा न मोजता निलंग्यापर्यंत पोहोचावी. कलबुर्गीची तूर आणि लातूरची तूर यांवर पडणारी कीड काही निराळी नसते.

प्रारंभ कसा करावा ?

प्रथम माणसे, मग यंत्र, हा क्रम पाळणे इष्ट होय. ज्यांची एकमेकांशी आधीच ओळख आहे असा पन्नास ते शंभर जणांचा गट असावा. लहान केंद्रे चालविण्याविषयी मार्गदर्शन करणारे अमेरिकेतील डॅरियस काझेमी यांनीही हीच संख्या सुचविली आहे. याहून मोठ्या गटात प्रत्येकाकडे लक्ष देणे अवघड होते. शाळेचे माजी विद्यार्थी, स्वसाहाय्य गटांचा संघ, दूध उत्पादक संस्था किंवा ग्रंथालयाचे वाचक हे असे स्वाभाविक गट आहेत.

दुसरी गोष्ट जागेची. कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांना आता अरिवु केंद्र म्हणतात आणि त्यांपैकी अनेकांत संगणक आलेले आहेत. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट असे नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेण्याचे काम झाले आहे. जेथे हा जोड विश्वासार्ह आहे आणि पंचायतीची संमती आहे, तेथे केंद्राची बैठक ग्रंथालयात ठेवता येईल.

तिसरी गोष्ट यंत्राची. लहान केंद्राला प्रचंड संगणक लागत नाही. गोटूसोशल यासारख्या हलक्या प्रणाली तळहाताएवढ्या संगणकावरही चालतात आणि अशा संगणकास एखाद्या लहान दिव्याइतकीच वीज लागते. परंतु घरगुती जोडणीला बहुधा स्वतंत्र, कायमचा इंटरनेट पत्ता मिळत नाही, आणि वीज गेली की केंद्र बंद पडते. यास्तव आरंभी मासिक भाड्याने मिळणारा सर्व्हर घेणे सोयीचे ठरते. गावातील संगणकावर त्याची प्रत ठेवावी. अनुभव आल्यावर क्रम उलटा करता येईल.

चौथी गोष्ट नावाची. केंद्राला इंटरनेटवर एक नाव घ्यावे लागते व त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागते. २०१४ पासून देवनागरीतील .भारत हा नामविस्तारही उपलब्ध आहे. मात्र सर्व प्रणाली त्यास सारख्याच सुलभतेने स्वीकारीत नाहीत, हे आधी तपासून पाहावे. शुल्क भरण्यास विसर पडला तर नाव जाते आणि नावाबरोबर सर्व सभासदांचे पत्तेही जातात. म्हणून हे नाव एका व्यक्तीऐवजी संस्थेच्या नावे नोंदवावे आणि शुल्काची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावी.

पाचवी गोष्ट प्रतींची. सर्व मजकुराची प्रत ठरावीक दिवशी काढावी, ती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी त्या प्रतीवरून केंद्र पुन्हा उभे करून पाहावे. न तपासलेली प्रत म्हणजे न पाहिलेले बियाणे. पेरल्यावरच ते उगवत नाही असे कळते.

नियम, देखरेख आणि कायदा

केंद्र सुरू करण्यापूर्वी त्याचे नियम साध्या मराठीत व कन्नडमध्ये लिहून सर्वांसमक्ष वाचावेत. कोणास सभासद करावयाचे, कोणता मजकूर चालणार नाही, तक्रार कोणाकडे करावी व तिचा निर्णय कोणी द्यावा, हे त्यात स्पष्ट असावे. देखरेखीचे काम एकावर न सोपविता तिघांकडे द्यावे. त्यांत एक तरी स्त्री असावी. परक्या माणसांविषयी, मुले पळविण्याविषयी किंवा कोणत्याही जातिधर्माविषयी भीती पसरविणारा मजकूर आला, तर तो प्रथम थांबवावा, पोलीस ठाण्याकडून खातरजमा करावी आणि खुलासा त्याच जागी प्रसिद्ध करावा, असा नियम आरंभापासून असावा.

बाहेरच्या केंद्राकडून उपद्रव होत असेल, तर त्याच्याशी असलेला संबंध तोडण्याचा अधिकार प्रत्येक केंद्राला असतो. २०१९ साली द्वेषपूर्ण मजकुराबद्दल टीका झालेल्या गॅब या माध्यमाने मॅस्टोडॉनची प्रणाली घेतली, तेव्हा अनेक केंद्रांनी आपापल्या ठिकाणी त्याला बंदी घातली. कोणा एका मालकाच्या हुकुमाची त्यासाठी वाट पाहावी लागली नाही.

केंद्र लहान असले म्हणून ते कायद्याबाहेर नसते. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि त्याखालील २०२१ चे नियम इतरांचा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्या मध्यस्थाला लागू होतात. नियम जाहीर करणे, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव प्रसिद्ध करणे आणि ठरवून दिलेल्या मुदतीत तक्रारीची दखल घेणे ही कर्तव्ये त्यांत आहेत. या नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असल्याने चालकांनी जाणकाराचा सल्ला घ्यावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शाळांनी तिचे विशेष भान ठेवावे.

मर्यादाही जाणून घ्याव्यात

या साधनाची भलावण करताना त्याच्या उणिवा झाकणे योग्य होणार नाही. मॅस्टोडॉनसारख्या प्रणालीत खासगी म्हणून पाठविलेला संदेशही केंद्राच्या चालकाला तांत्रिकदृष्ट्या पाहता येऊ शकतो. म्हणून आधार क्रमांक, बँकेची माहिती, दवाखान्याचे कागद अशा गोष्टी तेथे ठेवू नयेत. एकदा दुसऱ्या केंद्राला गेलेला मजकूर येथून पुसला तरी तेथून पुसला जाईलच, याची शाश्वती नसते. गावातील प्रबळ गटाने केंद्र ताब्यात घेतले, तर दुर्बलांचा आवाज दबण्याचा धोका आहे. चावडीवरही तो होता. तसेच गावाने स्वतःचे केंद्र काढले म्हणून व्हॉट्सॲपवरील अफवा थांबणार नाहीत. मात्र अफवा आल्यावर ती पडताळून पाहण्यास एक ठाऊक असलेली जागा आणि ओळखीची माणसे राहतील.

सर्वांत मोठी अडचण सातत्याची आहे. युरोपीय संघाच्या संस्थांसाठी एप्रिल २०२२ मध्ये मॅस्टोडॉनवर एक अधिकृत केंद्र प्रयोग म्हणून उघडण्यात आले. त्यास वाचक होते आणि त्याच्या पाठीशी सत्ताही होती. परंतु पुढे ते कायमचे चालविण्याची जबाबदारी घेणारी संस्था मिळाली नाही आणि मे २०२४ मध्ये ते बंद करावे लागले. जर्मनी व नेदरलँड्स येथे मात्र सरकारी यंत्रणेने अशा केंद्रांचे पालकत्व स्वतःकडे घेतले आहे. यावरून एवढे स्पष्ट होते की केंद्र उघडणे हे काही दिवसांचे काम आहे, आणि ते सांभाळणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे.

बीदर शहराला हे निराळे सांगावयास नको. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, नौबाद परिसरात जमिनीखालून पाणी वाहून नेणारी करेज खोदली गेली. वर ठिकठिकाणी विहिरींसारखी तोंडे आणि खालून सर्वांना जोडणारा एक प्रवाह, अशी तिची रचना आहे. प्रत्येक वस्तीने आपल्या तोंडातून पाणी घ्यावे आणि पुढच्याचे पाणी अडवू नये, यावर तिचे आयुष्य अवलंबून होते. पुढे गाळ काढणारे हात थांबले, तेव्हा ती बुजत गेली. अलीकडच्या वर्षांत गाळ उपसला गेला, तेव्हा ती पुन्हा दिसू लागली. समाजमाध्यमांच्या जाळ्यालाही हाच न्याय लागू आहे. ज्या गावात नियम वाचून दाखविणारा, तक्रार ऐकणारा आणि वेळच्या वेळी गाळ काढणारा माणूस पुढे येईल, त्या गावाने एका लहान केंद्राचा प्रयोग अवश्य करून पाहावा. मुरकीसारखी वेळ पुन्हा कोणत्याही गावावर येऊ नये, यासाठी गावोगावच्या शिक्षकांनी, ग्रंथपालांनी आणि पंचायत सदस्यांनी या विषयाचा विचार आपल्या पुढील बैठकीत करावा, ही अपेक्षा आहे.